शेवेच्या डब्याने मोजलेला डोंगर

मे महिना लागला की इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत माझा भाव वधारतो. एरवी मी एक साधी निवृत्त बाई, कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन फाटकाकडे धावणारी. पण उन्हाने इथली काळी माती तडकली, की तिच्यावर उभ्या असलेल्या घरांच्या भिंतीही तडकतात, आणि मग तापाच्या पेशंटकडे डॉक्टरला बोलवावं तसं मला बोलावणं येतं.

"ताई, जरा येऊन जा ना! मागच्या कमऱ्याची दीवार परत फाटून राहिली," शेजारचे निळूभाऊ कंपाउंडवरून हाका मारतात. निळूभाऊ बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे सही-शिक्क्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही. मी जाते. बॅटरी मारून तडा बघते, चष्मा पुसून पुन्हा बघते. मग खिशातून काचेची एक पातळ पट्टी काढते, तड्यावर आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवते आणि तारीख लिहिते.

"हे काय?"

"भिंत अजून हलत असेल तर काच फुटेल. पावसाळा होऊन जाऊ दे, मग सांगते."

"अहो ताई, पूरी जिंदगी पहाड गिरवले, आणि एका दीवारचं सांगता येत नाही तुम्हाला?"

मी पहाड पाडले नाहीत, पहाड पडतील का ते सांगायची माझी नोकरी होती, हे मी त्यांना गेली चार वर्षं समजावते आहे. त्यांना माझ्याकडून एकच वाक्य हवं असतं: 'काही नाही हो, काळी माती आहे.' गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हे वाक्य म्हणतं. मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते निळूभाऊंना कंपाउंडवरून सांगण्यासारखं नाही, म्हणून या दिवाळीला सगळ्यांनाच एकदम सांगून टाकते.

मी सरकारी खात्यात भूवैज्ञानिक होते. नोकरीची पहिली वीस वर्षं माळव्यात आणि आसपास गेली. धरणं, कालवे, आणि त्यांच्या खाली-वर पसरलेली काळी माती. तिच्या रगारगाशी माझी ओळख. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि जमिनीला चपलेसकट पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगते आणि भेगा नाहीशा होतात. आमचे बाबा म्हणायचे, "जमीन उन्हाळ्यात जांभई देते, पावसाळ्यात तोंड मिटते. घाबरायचं काय त्यात?" आणि दर जूनमध्ये भिंतीतले तडे पुट्टीने बुजवून मोकळे व्हायचे. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. लढाई कधी झाली की नाही कोण जाणे, पण त्यांच्यामुळे घराण्यात एक ऐट आली. एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही. बाबांनी जांभईचा सिद्धांत मागे घेतला नाही, आणि मी तो पदवीच्या कागदात गुंडाळून बरोबर नेला.

मग माझी बदली पहाडात झाली. कुमाऊंमध्ये. सपाट इंदूरची बाई, जिला राजवाड्यासमोरचा गर्दीतला रस्ता ओलांडणं हेच साहस वाटायचं, ती बर्फाच्या शिखरांखाली उतारांची नाडी बघायला निघाली. सामानात स्वेटर दोन आणि शेवेचे डबे चार होते. घराबाहेर राहणारा इंदुरी माणूस एक वेळ पांघरुणाशिवाय झोपेल, पण शेवेशिवाय जेवणार नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा फार गहन वाटतो, तसा तो नाही. ताटात साखर ओता. एक ढीग होतो, त्याला एक ठरावीक उतार असतो. त्याहून उभा करायला गेलात की साखर घरंगळते. डोंगराचंही तेच, फक्त त्याला झाडांच्या मुळांनी, खडकांनी आणि नशिबाने थोडं जास्त धरून ठेवलेलं असतं. मग दोन गोष्टी ही पकड सोडवतात. एक म्हणजे पायथा कापणं. गाद्यांच्या ढिगातली खालची गादी ओढली की काय होतं हे घरात लग्नकार्य झालेल्या कुणालाही ठाऊक आहे. दुसरं म्हणजे पाणी. पाणी मातीत शिरतं, तिचं वजन वाढवतं आणि आतली पकड ढिली करतं. आणि घसरलेली माती नाल्यात पडून पाण्यात कालवली गेली, की दगड, झाडं, चिखल सगळं मिळून मिक्सरमधल्या काँक्रीटसारखं वाहत सुटतं. तिकडे त्याला मलबा म्हणतात. त्याच्यापुढे पळून काही उपयोग नसतो, बाजूला व्हावं लागतं.

म्हणून आम्ही डोंगराला टेकून बांधलेल्या भिंतींमध्ये पाइप बसवतो, आतलं पाणी बाहेर गळावं म्हणून. एकदा कुणी मोठे पाहुणे रस्त्याची पाहणी करायला येणार होते. आदल्या दिवशी आमच्याच एका उत्साही ओव्हरसियरने पन्नासच्या पन्नास पाइप सिमेंटने बुजवून वर चुना फासला. का? तर 'मैडम, नई दीवार टपक रही थी, अच्छा नहीं लग रहा था.' दुसऱ्या एका ठिकाणी दगड अडवायला डोंगरावर लोखंडी जाळी अंथरली. वर्षभराने बघायला गेले तर तिच्यावर भोपळ्याचा वेल चढलेला. बायकांनी मला दोन भोपळे भेट दिले आणि 'सरकारने मांडव छान बांधला' म्हणून आशीर्वाद दिले. तेव्हा मी खूप हसले. लोकांना आमची विद्या कळत नाही म्हणून हसले, हे आता लिहायला लाज वाटते.

मग आली ती वाडी.

एका रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. रस्त्याच्या वर, पायऱ्यांच्या शेतांच्या माथ्याजवळ, सात घरं. खाली जेसीबी डोंगराचा पायथा खात होते आणि वर लोकांची तक्रार होती की शेतात चीर पडली आहे. जूनच्या सुरुवातीला मी बघायला गेले. बरोबर रावतजी होते, आमच्या खात्यातले सर्व्हेअर, माझ्याहून वयाने मोठे आणि पदाने धाकटे. दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस.

चीर होती खरी. चार बोटं रुंद, सगळ्यात वरच्या शेतातून गेलेली. मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

"हे तर काहीच नाही," मी प्रधानजींना हिंदीत सांगितलं. प्रधानजी म्हणजे तिथले सरपंच. "आमच्या इंदूरला या, जमिनीत अख्खी चप्पल जाते. उन्हाळा आहे, जमीन जांभई देते आहे. पाऊस आला की तोंड मिटेल."

रावतजींनी त्या दिवशीचं आपलं एक वाक्य खर्च केलं. "मैडम, यह तो घूमी हुई है."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सुकलेली माती फरशीच्या तुकड्यांसारखी फाटते, इकडून तिकडून, चौफेर. ही चीर एकच होती, लांबलचक, चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि कोरीची दोन्ही टोकं उताराकडे. खालचा सगळा भाग निघण्याच्या बेतात असला की माथ्यावर अशी चीर उमटते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे शिकवतात, मी स्वतः शिकवलं होतं. पण वीस वर्षं काळ्या मातीने माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि वर पणजोबांची ऐट होती. मी रावतजींना म्हटलं, "शेताची बांधबंदिस्ती वळलेली आहे, म्हणून चीर वळली." आणि अहवालात लिहिलं: उन्हाने पडलेली भेग, धोका नाही. खाली सही केली. प्रधानजींनी तो अहवाल गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला.

जुलैत रस्त्याच्या भिंतीचं काम बघायला मी परत आले आणि वाडीतल्या सगळ्यात वरच्या घरात एक खोली घेऊन राहिले. घर बचुली आमाचं. आमा म्हणजे आजी. पंच्याहत्तरीची, काटकुळी, एक म्हैस आणि शंभर मतं बाळगणारी. नवरा कधीच गेला, मुलगा दिल्लीत. माझं जेवण ती करायची. मडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीचीच भाकरी, आणि वर मी माझी शेव भुरभुरवायचे. दोन दिवसांत माझा डबा तिच्या हाताखाली गेला. ती शेव चहात घालून खायची. मी इंदूरची असून मला हे बघवायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती.

पाऊस सुरू झाला होता. मी मोठ्या फुशारकीने रावतजींना वरच्या शेतात नेलं. चीर जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

"बघा. मिटलं की नाही तोंड?"

रावतजींनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी एकही वाक्य बोलले नाहीत.

आमाचं माझ्याशी भांडण झालं ते कपड्यांच्या दोरीवरून. तिच्या घरामागे, शेताच्या वरच्या कडेला अक्रोडाचं झाड होतं. त्या झाडापासून ओसरीच्या लाकडी खांबापर्यंत तिने दोरी बांधली होती. भांगेच्या झाडाच्या सालीपासून तिने स्वतः वळलेली; भांगेचा हाही उपयोग असतो हे आम्हा इंदूरवाल्यांना कुठलं माहीत असायला! त्या दोरीवर मी माझी धुतलेली जीन्स वाळत घातली. पन्नाशीच्या बाईने जीन्स घालावी का, यावर इंदूरला माझ्या नणंदांमध्ये दोन तट होते. आमाचं मत नणंदांहून कडक निघालं. कारण दोरी तुटली आणि जीन्ससकट तिची लुगडी चिखलात पडली.

"ओ मैडम! तेरी पैंट ने मेरी रस्सी तोड़ दी!"

तिने दोरीला गाठ मारली. तीन दिवसांनी पुन्हा तुटली. आता जीन्स नव्हती, माझा एक कुर्ता होता, पण आरोपी मीच. "पच्चीस साल में नहीं टूटी. तू आई, दो बार टूट गई."

मी तिला शास्त्र समजावलं. सालीची दोरी भिजली की आखडते, आखडली की ताणली जाते, ताणली की तुटते. शास्त्र खरं होतं. आमाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारिश भी पच्चीस साल से हो रही है."

अपराधी भावनेने मी खालच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणली. नायलॉन भिजून आखडत नाही. भरपूर झोळ ठेवून बांधली, मधोमध माझ्या कमरेपर्यंत लोंबेल इतकी. आमा म्हणाली, ढिली आहे. मी म्हटलं, राहू दे.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मागे गेले तर दोरी सतारीच्या तारेसारखी ताठ. आणि ओसरीचा खांब, जो शंभर वर्षं सरळ उभा असेल, तो झाडाकडे कललेला.

मी तिथेच चहाचा कप खाली ठेवला. दोरी आखडली नव्हती. झाड आणि घर यांच्यातलं अंतर वाढलं होतं. झाड मुळं रोवून डोंगरात उभं होतं, म्हणजे निघालं होतं ते घर.

"आमा," मी विचारलं, "शेतातली ती चीर पावसाने मिटली ना?"

"मिटी?" आमा हसायला लागली. "अरे, मैं भरती हूँ! रोज़ दो टोकरी मिट्टी-गोबर डालती हूँ. भैंस का पैर फँस जाता है उसमें."

जमिनीने तोंड मिटलं नव्हतं, एक म्हातारी रोज तिला भरवत होती. आणि मी त्यावर फुशारकी मारत होते. शेणमाती उकरून रावतजींनी आणि मी चीर मोजली. चार बोटांची वीतभर झाली होती. रावतजी काही बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त टेप गुंडाळली आणि तसेच खाली जाऊन जेसीबी बंद पाडले.

मी साहेबांना फोन लावला. साहेब सभ्य माणूस, आवाज चढवत नसत. म्हणाले, "मैडम, महीना पहले कोई ख़तरा नहीं, आज गाँव ख़ाली कराओ. पहाड़ तो वही है न?"

"पहाड वही है सर. मेरी रिपोर्ट गलत थी."

 हे वाक्य सरकारी फोनवरून फारसं जात नसावं. मग ते म्हणाले, "लिखकर देंगी?" मी म्हटलं, देते. पणजोबांचा फोटो इंदूरच्या दिवाणखान्यात भिंतीवर होता, तो त्या क्षणी पडला नसेल अशी आशा करते.

वाडीला सांगणं त्याहून अवघड गेलं. सगळे आमाच्या अंगणात जमले. प्रधानजींनी पिशवीतून माझाच अहवाल काढला आणि मला दाखवला, माझ्याच सहीवर बोट ठेवून. मी म्हटलं, हा मी लिहिला आणि चुकीचा लिहिला. आज घरं सोडा, नाल्यापलीकडच्या धारेवर, त्या डोंगराच्या सोंडेवर, शाळा आहे, तिथे चला. एका माणसाने विचारलं, "वह ग़लत था, तो आज वाला सही है, कैसे मानें?" त्याचं काय चुकलं? भात लावणीचे दिवस, घरात धान्य, गोठ्यात जनावरं, आणि समोर एक बाई जी महिन्यात मत बदलते.

आणि आमा हलेना. वाडीतली ती सगळ्यात मोठी, घरही सगळ्यात वर. ती उठल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं. "तूने ही बोला था जम्हाई है," ती म्हणाली. "मैं कहीं नहीं जाती. भैंस भी नहीं जाएगी." म्हशीचं मत तिने विचारलं नव्हतं, पण ते तेच असणार.

मला पोलीस बोलावता आले असते. त्यांना पोचायला दोन दिवस लागले असते, आणि आमापुढे त्यांचं काही चाललं असतं असं मला वाटत नाही. मग माझी नजर शेवेच्या डब्यावर गेली. इंदूरहून नव्याने आणलेल्या डब्यांतला शेवटचा, पाच किलोचा, न फोडलेला, जो मी आमापासून खाटेखाली लपवला होता.

मी नायलॉनची दोरी सोडून पुन्हा ढिली बांधली, मधोमध तो डबा टांगला आणि खाली विटा अशा रचल्या की डब्याचा तळ वरच्या विटेला जेमतेम टेकावा. यात जादू नाही. लोंबणाऱ्या दोरीची टोकं थोडीशी जरी लांब गेली, तरी मधला भाग त्याच्या दुप्पट-तिप्पट वर उचलला जातो. न दिसणारी हालचाल दिसायला लागते. आमच्याकडे यासाठी यंत्रं असतात. ती जिल्ह्याच्या ठिकाणी कपाटात होती आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती.

"आमा, पैज. संध्याकाळपर्यंत डबा विटेवर टेकलेला राहिला तर मी कान धरून माफी मागते आणि डबा तुझा. डबा उचलला गेला तर तू उठायचं."

"और डब्बा?"

"तरी तुझाच."

अशी पैज कोण सोडेल? तिने खाट आणून डब्यासमोर टाकली आणि छत्री घेऊन पहाऱ्याला बसली. मी जवळ आले की हटकायची. मी डब्याला हात लावीन असा तिला संशय होता, आणि मला तिचा. सगळी वाडी पावसात उभी राहून एका शेवेच्या डब्याकडे बघत होती. दुपारपर्यंत डबा आणि वीट यांच्यात एक बोट जात होतं. तीन वाजता दोन. आमा दर वेळी स्वतः बोटं घालून बघायची. पाचच्या सुमारास तिने हात घातला आणि चारही बोटं आडवी आत गेली.

ती तशीच थोडा वेळ हात आत ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता गोठ्यात गेली आणि म्हैस सोडून आणली.

"चलो रे," ती वाडीला म्हणाली.

सात घरं उजेड असेतोवर रिकामी झाली. डबा तिथेच राहिला. आमा घ्यायला निघाली होती, मी अडवलं. म्हटलं, त्याचं काम संपलेलं नाही. रावतजी रस्त्यावर जीप आडवी लावून बसले.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून बघत असताना ते शेत निघालं. पहिल्यांदा आवाज आला नाही, मातीचा ओला वास आला. मग सातही घरं उभीच्या उभी, छपरांसकट, एखाद्या माणसाने खाली बसावं तशी हळूच बसली. क्षणभर वाटलं, एवढ्यावर थांबेल. मग सगळं फुटलं, नाल्यात कोसळलं, आणि नाला दगडा-झाडांसकट गरजत खाली गेला. कापलेला रस्ता त्याने पुसून नेला. अक्रोडाचं झाड वर तसंच उभं होतं आणि त्याच्या बुंध्याला नायलॉनचा निळा तुकडा लटकत होता.

 आमा माझ्या शेजारी उभी होती.

"जम्हाई नहीं थी, मैडम," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या खात्यात माझं कौतुक झालं. एकही माणूस दगावला नाही, असं अहवालात अभिमानाने लिहिण्याची पद्धत आहे. मी ते लिहिलं आणि त्याच्यावर माझा पहिला अहवाल जोडला. मी जूनमध्ये नीट बघितलं असतं तर जेसीबी तेव्हाच थांबले असते, वरचं पाणी चर खणून बाजूला काढता आलं असतं, आणि ते करूनही डोंगर निघाला असता तरी त्या लोकांना महिना मिळाला असता: कोरीव दारं काढायला, तुळया उतरवायला, धान्य हलवायला. तो महिना मी एका वाक्यात खाल्ला. याचं दुःख मला अजून आहे, आणि ते शेवेच्या गोष्टीत लपवावं असं वाटत नाही.

दोन वर्षांनी धारेपलीकडच्या एका सपाटीवर सात नवी घरं झाली. जागा मी तपासली, रावतजींनी तपासली, आणखी दोघांनी तपासली. आमा उंबरा ओलांडेना. "पहले मशीन लगा," म्हणाली. मी म्हटलं, यंत्रं लावलीच आहेत, हे बघ खुंटे, ही मोजपट्टी. "वह नहीं. डब्बे वाली."

म्हणून राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून पाच किलोचा नवा डबा मागवला. दोरीचं एक टोक मागच्या पक्क्या खडकात ठोकलेल्या कडीला, दुसरं तिच्या घराच्या खांबाला, डब्याखाली तशाच विटा. झाकणाला मी चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आणि सगळ्यांसमोर बजावलं: हे सरकारी उपकरण आहे, उघडायचं नाही. डबा चार बोटं उचलला गेला तर आधी शाळेत जायचं, मग मला फोन करायचा.

पुढच्या पावसाळ्यात, भर श्रावणात, प्रधानजींचा फोन आला. "मैडम, डब्बा उठ गया! पूरा चार उँगल!"

 मी एकही प्रश्न विचारला नाही. म्हटलं, निघा. मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी होते; रावतजींना घेतलं आणि दिवसभर जीपमधून खड्डे मोजत तिथे पोचले. सगळे शाळेत. एका घरी सत्यनारायण अर्ध्यावर सोडलेला, प्रसादाची कढई तेवढी बरोबर आणलेली. चिंब भिजलेली मुलं, चिडलेल्या सुना, मधोमध म्हैस. आमा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. एवढी गप्प मी तिला कधीच बघितली नव्हती.

रावतजींनी सगळे खुंटे मोजले. एकही केसभर हललेला नव्हता. मीही मोजले. चीर नाही, झाड कललेलं नाही, पाणी गढूळ नाही. मग डब्यापाशी गेलो. चार बोटं नव्हे, चांगली पाच बोटं वर होता. चिकटपट्टीचे वेढे तीनच होते, पण कडेला जरा सुरकुतलेले. मी डबा हातात घेतला आणि तो हातात आल्यासारखा वाटलाच नाही.

रिकामा होता. तळाला चमचाभर चुरा.

नायलॉनला वजन लावलं की ते ताणलं जातं, वजन काढलं की आक्रसतं. वजन कमी होत गेलं तसा डबा वर चढत गेला. सात घरं पावसात बाहेर काढली ती डोंगराने नव्हे, आमाच्या रोजच्या चहाने. आणि मी, वीस-पंचवीस वर्षांची अनुभवी, खाता येईल असं उपकरण तिच्या दारात टांगून निघून गेले होते.

रावतजी हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण शाळेत कुणी हसत नव्हतं. सत्यनारायणवाली सून आमाला काय काय बोलली ते मला पहाडी भाषेत असल्यामुळे कळलं नाही, सूर कळला. मीही तापले होते. "आमा, सरकारी उपकरण खाल्लंस? सगळ्यांना किती भीती वाटली!"

आमा उठली. पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"हाँ, खाया," ती म्हणाली. "तेरी ग़लती में सात घर गए. मेरी में एक डब्बा सेव. बोल, किसकी बड़ी?"

 मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही लपवायला मी प्रसादाच्या कढईकडे वळले. तिने मला काही वर्षांपूर्वीच माफ केलं होतं की त्या दिवशी केलं, की कधीच केलं नाही, ते मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सत्यनारायण मात्र शाळेतच पुरा केला आणि सगळ्यांनी प्रसाद खाल्ला.

म्हणून निळूभाऊ, मी काच लावते आणि थांबते. फुटली तर फुटली, नाही फुटली तर एक पावसाळा तुम्ही मला नावं ठेवलीत एवढंच नुकसान.

आता दरवर्षी पावसाळ्याआधी मी राजवाड्याजवळच्या त्या दुकानात जाते आणि दोन डबे घेते, एक भरलेला, एक रिकामा. रिकाम्यात तिकडे रावतजी दगड भरतात आणि तो दोरीला टांगतात. भरलेला आमाच्या फळीवर जातो. दुकानदार दरवेळी विचारतो, "पहाड में कौन खाता है इतनी सेव?" मी म्हणते, आहे एक जाणकार.

परवा दिवाळीच्या तोंडावर प्रधानजींचा फोन आला. पावसाळा संपला, सगळे ठीक. मी विचारलं, डबा?

मागून आमाचाच आवाज आला, ऐंशी ओलांडलेला, पण खणखणीत. "पत्थर वाला वहीं का वहीं है. दूसरा ख़ाली हो गया. भेज."